मुक्कामाच्या गावची संध्याकाळ

दर महिन्याच्या शेवटी आमच्या ऑफिसात पुढच्या महिन्याच्या टूर ठरतात. पांढऱ्या फळ्यावर डावीकडे गावांची नावं, उजवीकडे माणसांची. या फळ्यासमोर माझ्याबद्दलची दोन वाक्यं मी गेल्या नऊ वर्षांत पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. पहिलं असं, "तिला नको, गाडी रात्री अकराला पोहोचते. एकटी बाई कुठे जाईल?" आणि दुसरं, "दिवाळीच्या आठवड्यात तिलाच पाठवू. तिला काय, एकटीच तर आहे." बोलणारी माणसं वाईट नाहीत. पहिल्या वाक्यात काळजी आहे, दुसऱ्यात त्यांची सोय आहे. मी त्याच खोलीत बसलेली असते आणि "तुला जमेल का, तुला जायचंय का" हे विचारायचं मात्र दोन्ही वेळा राहून जातं.

मी एकेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये जी यंत्रं बसवतात ती चालवायला शिकवणं हे माझं काम. इंजिनिअर मशीन बसवून जातो, मग तीन-चार दिवस मी तिथल्या टेक्निशियन मुलामुलींबरोबर असते. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं मोजमाप जुळवून घेणं, कसं करायचं, सकाळी पहिल्यांदा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, का लावायचे, आकडा पटला नाही तर रुग्णाच्या हातात रिपोर्ट देण्याआधी काय तपासायचं, हे सगळं शिकवायचं. काम संध्याकाळी सहा-साडेसहाला संपतं. त्यानंतरचे चार-पाच तास, अनोळखी गावातले, माझे असतात. मला हे तास मनापासून आवडतात. त्यांच्यासाठी मी टूरची वाट बघते, हे उघडपणे सांगायला मला बरीच वर्षं लागली. कारण बाईने कामासाठी प्रवास केला तर तो त्याग म्हणून चालतो, नाइलाज म्हणूनही चालतो. तिला त्यात मजा येते म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

माझं म्हणणं असं की ही मजा हा सार्वजनिक प्रश्न आहे. परगावी कामाला गेलेल्या बाईला संध्याकाळी रस्त्यावर निवांत फिरता येतं की नाही, यावरून ते शहर कसं आहे ते कळतं, आणि तिला तिथे पाठवणाऱ्या कंपनीने तिला माणूस मानलंय की जपून पोहोचवायचं पार्सल, तेही कळतं.

इंदूरचं सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा कंपनीने राहायची सोय बायपासवरच्या एका हॉटेलात केली होती. "सेफ आहे," असं सांगितलं गेलं. गेटवर पहारेकरी, आत कॅमेरे, आणि बाहेर पडलं की सहा पदरी रस्ता. ना फुटपाथ, ना टपरी, ना माणूस. संध्याकाळी सात वाजता त्या खोलीत बसून मी खिडकीतून ट्रक मोजले. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, सराफा देखा?" मी नाही म्हटल्यावर तिला खरंच वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मी पदरचे पैसे घालून राजवाड्याजवळच्या एका साध्या लॉजवर राहायला गेले.

राजवाड्याच्या मागे सराफा बाजार आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री आठच्या पुढे शटर खाली येऊ लागतात आणि त्याच दुकानांच्या पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, हिवाळ्यात तळून वर मसाला आणि लिंबू मारलेला गराडू, ताटाएवढा जलेबा. रात्री बारालाही गर्दी हलत नाही. आज्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया, कॉलेजच्या मुली, दुकान बंद करून आलेले व्यापारी, सगळे एकमेकांच्या कोपरांना कोपर लावून खात असतात. मी द्रोण हातात घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. शेजारच्या आजी मराठी निघाल्या. होळकरांच्या काळापासून इंदुरात आलेली घरं आहेत, त्यातल्या एका घरातल्या. "बाई, एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग गराडू दोन प्लेट नका घेऊ, शिकंजीला जागा राहणार नाही." एकटेपणाचा प्रश्न त्यांच्या लेखी तेवढाच होता.

सराफ्याबद्दल तिथली माणसं एक गोष्ट सांगतात. सोनारांनी आपल्या दारासमोर खाऊवाल्यांना रात्री बसू दिलं, त्याचं एक कारण म्हणजे माणसांची वर्दळ असली की दुकानं फुटत नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या कुलपाआड लाखोंचा ऐवज आहे त्याला रिकामी, बंद, सामसूम गल्ली सुरक्षित वाटली नाही. त्याला भरलेली गल्ली हवी होती. बाईच्या बाबतीत मात्र आपण उलटा हिशोब करतो. तिला वर्दळीतून उचलतो आणि बायपासवरच्या सामसूम हॉटेलात नेऊन ठेवतो. बायपासवर मला भीती वाटली होती. सराफ्यात रात्री साडेअकरा वाजता वाटली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सगळी शहरं इंदूर नाहीत. इंदूरही प्रत्येक गल्लीत सराफा नाही. उत्तरेतल्या एका जिल्ह्याच्या गावी मी संध्याकाळी साडेसातला बाजारात गेले तेव्हा दोनशे-तीनशे माणसांत मी धरून तीन बायका होत्या. नजरा इतक्या चिकटल्या की मी केळी घेऊन परत फिरले. दुसऱ्या एका शहरात तर लॉजवाल्याने आधी केलेलं बुकिंग असूनही खोली दिली नाही. "अकेली लेडीज को नहीं देते मॅडम, पुलिस का झंझट होता है." पोलिसांचा असा काही नियम नव्हता. रात्रीचे दहा वाजले होते. मी स्टँडवरच्या प्रतीक्षागृहात बॅग पायात धरून पाऊण तास बसले, शेवटी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून दुसरीकडे सोय केली. माझ्या सुरक्षिततेच्या नावाखाली मला रात्री दहा वाजता रस्त्यावर काढलं गेलं. हे ऑफिसात सांगितल्यावर त्या शहरातलं पुढचं काम माझ्याकडून काढून एका सहकाऱ्याला देण्यात आलं. लॉजवाल्याला पुढचं गिऱ्हाईक मिळालं असेल, टूरही ठरल्याप्रमाणे झाली. माझा मात्र वर्षाचा एक मोठा ग्राहक गेला. बढतीच्या वेळी "किती शहरं सांभाळली" हा रकाना असतो, आणि त्या रकान्यात काळजीमुळे गेलेली गावं लिहायला जागा नसते.

काळजी करण्याला माझा विरोध नाही. माझी आई रोज रात्री फोन करून "जेवलीस का?" विचारते आणि तो फोन आला नाही तर मलाच चुकचुकतं. पण काळजी करणं आणि दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेने २०२० पासून 'मेरी सहेली' नावाचा उपक्रम चालवलाय. गाडी सुटते त्या स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना भेटतात. मला भेटलेल्या दोघींनी माझा सीट नंबर लिहून घेतला, काही लागलं तर १३९ वर फोन करा म्हणून सांगितलं आणि पुढच्या डब्यात गेल्या. एकट्या का, कुठे, कशाला, बरोबर कोणी का नाही, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मदत अशी असते. चौकशी न करता पाठीशी उभी राहणारी.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला लावायची मुभा होती. बाईने थांबायचंच नाही, म्हणजे तिच्यासाठी काही करायला नको. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ साली वेगळी भाषा वापरली. बाईची संमती असेल तर ती रात्री साडेनऊनंतरही काम करू शकते, पण मग संरक्षणाची आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तर सरळ सांगतो की नोकरीच्या निमित्ताने जिथे जाल ती प्रत्येक जागा, मालकाने दिलेलं प्रवासाचं वाहनसुद्धा, कामाची जागाच आहे. म्हणजे मी इंदूरच्या लॅबमध्ये असते तेव्हा माझं ऑफिस माझ्याबरोबर तिथे असतं. दरवर्षीच्या प्रशिक्षणात या कायद्याच्या स्लाइड दाखवतात, हे कलम मात्र मी स्वतः वाचेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. बाईला टूरवर न पाठवणं हा जबाबदारीतून सुटायचा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. फळ्यासमोर बसलेली माणसं अजून १९४८ मध्ये आहेत.

"पण काही झालं तर?" हा प्रश्न शेवटी येतोच, आणि तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बातम्या असतात. माझ्याही असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती परगावी नव्हती, भटकत नव्हती. ड्यूटीवर होती, आपल्याच रुग्णालयात. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने सुचवलेल्या उपायांत एक असाही होता की शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर हरकत घेतली. सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका म्हणता येणार नाही, असा त्याचा रोख होता. बंगालमधल्या बायकांनी तर त्याआधीच, १४ ऑगस्टच्या रात्री, उत्तर दिलं होतं. हजारोंनी त्या रस्त्यावर आल्या. रात्र आमची आहे, असं म्हणत. त्यांनी सरकारकडे लवकर घरी जायची सवलत मागितली नाही.

बलात्काराच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते. नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घरचा, शेजारचा, कामावरचा. अनोळखी शहराची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, मी ती अनुभवली आहे. पण घरी थांबलं की सुरक्षित, हा हिशोब आकड्यांवर टिकत नाही, आणि या हिशोबापायी बायकांची कामं जातात, गावं जातात, संध्याकाळचे तास जातात.

बाईच्या प्रवासाला आपल्याकडे नेहमी कारण लागत आलंय. माहेर, बाळंतपण, दवाखाना, देवदर्शन. वारीला तीन आठवडे घराबाहेर राहणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही, कारण ती विठ्ठलाकडे निघालेली असते. एकोणिसाव्या शतकात आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेला गेल्या, १८८३ साली, त्यांनाही कारण द्यावं लागलं, आणि ते त्यांनी जाहीर सभेत उभं राहून दिलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि पुढे अमेरिका डोळसपणे बघून त्याबद्दल मराठीत लिहिती झाली ती बाई. कामाने गेली आणि बघूनही आली. ऑफिसची टूर हे आमच्या पिढीला मिळालेलं नवं कारण आहे. देवाइतकंच पक्कं, कोणी मोडू शकत नाही असं. मी ते कारण प्रामाणिकपणे वापरते. काम चोख करते आणि मग अहमदाबादचा माणेक चौक बघायला जाते, चेन्नईत मैलापूरच्या तळ्याकाठी बसते, कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं चाळते.

आता शहरांकडे वळते, कारण कंपनीने कितीही शहाणपणा केला तरी संध्याकाळ शहराच्या हातात असते.

चेन्नईला मी रात्री नऊला टी. नगरहून सिटी बसने परतले. तामिळनाडूत २०२१ पासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. बस बायकांनी भरलेली होती. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहिलेल्या मुली, गजरे विकून टोपली रिकामी करून निघालेल्या बायका. मला भाषा येत नव्हती. कुठे उतरायचं ते कागदावर लिहून एकीला दाखवलं, पुढच्या दहा मिनिटांत अर्ध्या बसला माझा स्टॉप पाठ झाला होता. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये अशीच योजना आणली, आपल्या एसटीत त्याच वर्षी मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट झालं. "बायका आता उगाच फिरतात," अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. उगाच फिरणाऱ्या त्या बायकांमुळे मी रात्री नऊच्या बसमध्ये निर्धास्त बसते. त्यांचं उगाच फिरणं ही माझ्यासाठी दिलेली सुरक्षा आहे, कुठल्याही पहारेकऱ्यापेक्षा मोठी.

मुताऱ्यांबद्दल लिहायला अजूनही लाज वाटावी अशी आपल्याकडे रीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. टूरवर असताना दुपारी चारनंतर मी पाणी पिणं कमी करते. माझ्या ओळखीची प्रत्येक फिरतीवरची बाई हे करते. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, विमावाली, ऑडिटला जाणारी, सगळ्या. शहर कितीही सुंदर असो, पोटात कळ आली की बाई खोलीकडे वळते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायका हेच मागत आल्या आहेत. स्वच्छ, फुकट, रात्रीही उघडी असलेली मुतारी. पर्यटनाच्या जाहिरातीवर खर्च होणाऱ्या पैशात यातलं पुष्कळ होईल. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, काशीपासून गयेपर्यंत देवळं उभी केली. राज्य करणाऱ्या त्या बाईला प्रवाशाला काय लागतं ते नेमकं ठाऊक होतं: पाणी, सावली, पाठ टेकायला जागा. तिच्याच इंदुरात, तिच्या पुतळ्याजवळ, मला पहिल्यांदा बसायला बाक आणि जवळच उघडी, स्वच्छ मुतारी एका वेळी मिळाली. स्वच्छतेत त्या शहराचा सलग काही वर्षं पहिला नंबर आला याचं कौतुक अनेकजण करतात. माझं कौतुक त्या बाकासाठी आहे.

खाण्याच्या जागांचं एक सांगायचंच आहे. एकटी बाई हॉटेलात गेली की आपल्याकडचे वेटर जिन्याकडे बोट दाखवतात. "मॅडम, फॅमिली रूम वर आहे." मी एकटी, फॅमिली कुठून आणू? वर पडदे लावलेले कप्पे, ट्यूबलाइट, आणि रस्ता दिसत नाही. मला खाली, खिडकीजवळ, रस्त्याकडे तोंड करून बसायचं असतं. मी आता शांतपणे "इथेच बसते" म्हणते आणि बसते. पहिल्या तीन-चार वेळा घशाला कोरड पडली होती.

माझ्या लग्न झालेल्या मैत्रिणींची टूर वेगळी असते, हे मला मान्य आहे. एकजण निघण्याआधी तीन दिवसांची पोळीभाजी करून फ्रीज भरते आणि हॉटेलात पोहोचली की दहा तास झोपते. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७, असं दिसलं. तिची झोप हीच तिची भटकंती, आणि त्यात कोणी नाक खुपसू नये. आणि मराठवाड्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली बाई माझ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवास कामासाठी करते. तिच्या वाट्याला संध्याकाळच येत नाही. माझा प्रश्न सगळ्यात मोठा आहे असं मी समजत नाही. पण मुतारी, उजेड आणि उशिरापर्यंत धावणारी बस तिलाही लागते, मलाही.

आमच्या ऑफिसात मी या वर्षी चार गोष्टी लेखी मागितल्या. फळ्यावर नाव लिहिण्याआधी किंवा खोडण्याआधी त्या माणसाला विचारा. सणाच्या टूर सगळ्यांत वाटा, लग्न न झालेल्यांवर लादू नका, कारण माझ्याही घरी आई आहे आणि तीही कंदील लावते. पहिल्या दिवशी उजेडात पोहोचेल अशी गाडी काढून द्या, पुरुषांनाही. आणि राहायची सोय गावात करा, जिथे रात्री नऊला रस्त्यावर माणसं असतील तिथे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर खर्चाचा प्रश्न आला. चौथीवर अजून "बघू" आहे.

जानेवारीत इंदूरचं काम आलं तेव्हा मला विचारलं गेलं. मी म्हटलं, या खेपेला नव्या मुलीला जाऊ दे. सव्वीस वर्षांची आहे, सोलापूरची, पहिलीच एकटीची टूर. तिला मी लॅबच्या कामाची यादी दिली, डॉक्टरांचा नंबर दिला, १३९ आणि तातडीच्या मदतीचा ११२ फोनमध्ये टाकून घेतले. राजवाड्याजवळचं लॉज सांगितलं. सराफ्यात नऊनंतर जा, पोटात जागा ठेवून जा, एवढं म्हटलं. तिच्या आईचा मला फोन आला, "ताई, ती एकटी फिरेल का हो तिथे?" मी म्हटलं, "काकू, तिथे तिच्या आजीच्या वयाच्या बायका रात्री बाराला उभ्या राहून खातात."

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. दोन्ही हातांत धरलेल्या जलेब्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ताई, सकाळी पोहे कुठे खाऊ?